वाचनालयाच्या बाईंना, बारावीच्या निकालानंतर

बाई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानू द्याल तर त्या तुम्ही कसल्या! निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आले, तर तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, अर्धा पेढा मोडून तोंडात टाकलात आणि विचारलंत, “मागचं पुस्तक आणलं का?” झालं. माझं ठरवून आणलेलं भाषण तिथंच राहिलं. ते आता इथं.

गुण तुम्ही रजिस्टरच्या मागच्या पानावर टिपून ठेवलेत, पण बाकीच्यांना माहीत नाहीत. मराठीत 100 पैकी 74, इंग्रजीत 38. इंग्रजीचं श्रेय माझ्या मुलाचं आणि उरलेलं देवाचं. मराठीबद्दल मात्र सविस्तर सांगायचंय.

गेल्या जुलैत 17 नंबरचा फॉर्म भरायचा घाट घातला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शाळा-कॉलेज सुटलेल्यांनी बाहेरून दहावी-बारावी द्यायची तर हा फॉर्म भरतात. मी अंगणवाडीत मदतनीस. सेविकेच्या जागेला बारावी लागते, आणि माझी गाडी 2004 साली दहावीलाच थांबलेली. शाळा सोडल्याचा दाखला घरात सापडेना, म्हणून येवल्याकडच्या माहेरच्या शाळेत दोन खेपा झाल्या, प्रतिज्ञापत्र झालं, तेव्हा कुठं दुसरी प्रत मिळाली. त्यावर अर्थातच माहेरचं आडनाव. मग फॉर्मवर तेच, प्रवेशपत्रावर तेच. ते कागद बघून तुम्ही नुसतं “हं” म्हणालात. त्या “हं”कडे मी पुढे येतेच.

विषय निवडताना तालुक्यातल्या एका क्लासवाल्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, “भाषेला हिंदी टाका. आमच्याकडे नोट्स तयार आहेत, पाठ केल्या की साठ कुठं जात नाहीत. मराठीत काय, लिहीत बसावं लागतं.” घरातही तसलंच वारं. माझ्या मुलाने अकरावी सायन्सला मराठी सोडून आयटी घेतलेलं. पेपर ऑनलाइन, गुण भरघोस. त्याचे निम्मे मित्र तेच करतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. पुढे प्रवेशाला टक्केच लागतात, तिथं कोणी तुम्ही कुठली कविता वाचली हे विचारत नाही. मीही हिंदीवर खूण करणारच होते. तुम्ही माझं सभासद कार्ड काढलंत, बोटाने ओळी मोजल्यात आणि म्हणालात, “वर्षात 41 पुस्तकं नेलीत. सगळी मराठी. मग परीक्षा दुसऱ्या भाषेची का देताय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खूण मराठीवर झाली.

पुस्तक म्हणजे ‘युवकभारती’, 2020 पासून लागलेलं. बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतं, मुलाने फोनवर उतरवूनही दिलं होतं. पण बोटभर पडद्यावर कविता वाचताना ओळ कुठं तुटते तेच कळेना. तुम्ही कुठूनतरी छापील प्रत मिळवलीत, वर वाचनालयाचा शिक्का मारलात आणि माझ्या नावावर चढवलीत. सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालच्या ड वर्गाचं वाचनालय, वर्षाचं अनुदान दोन हप्त्यांत, तेही कधी येईल ते सरकारला ठाऊक. त्यातून तुमचा पगार किती निघतो हे गावाला माहीत आहे, फक्त कोणी बोलत नाही. तरी संध्याकाळी सातला कुलूप लावायच्या ऐवजी तुम्ही आठ-साडेआठपर्यंत ट्यूबलाइट चालू ठेवायचात. बिलावरून समितीत कोणीतरी कुरकुरलंही होतं. त्यांनी हे वाचावं म्हणूनही हे पत्र उघड आहे.

सुरुवातीचा महिना मी क्लासवाल्यांचं गाईड पाठ करत होते, हे तुम्हाला नंतर कळलं. भारूड सोपं गेलं. नाथांचा विंचू लहानपणापासून भजनात ऐकलेला. कामक्रोधाचा विंचू आणि सत्त्वगुणाचा उतारा हे आमच्या आजीलाही सांगता आलं असतं. प्रतिमा इंगोलेंच्या ‘गढी’तली बोली नाशिककडच्या माणसाला अडखळायला लावते, पण दोनदा मोठ्याने वाचली की कानात बसते. अडलं ते कवितांच्या रसग्रहणाला. गाईडमध्ये सगळ्या कवितांचं रसग्रहण एकाच साच्यातलं. कवीचं नाव बदलायचं, ‘अत्यंत समर्पक शब्दांत’ तसंच ठेवायचं. मी ते घडाघडा म्हणून दाखवलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि ‘रोज मातीत’चं पान उघडलंत.

कल्पना दुधाळ यांची ही कविता. त्या स्वतः शेतकरी, दौंड तालुक्यातल्या. कवितेतली बाई कांदे लावते, झेंडू तोडते, ऊस लावते. एवढंच. मी गाईडमधलं म्हटलं: “स्त्री काळ्या आईला हिरवं गोंदते, यात कवयित्रीने सुंदर प्रतिमा वापरली आहे.” तुम्ही विचारलंत, “काय सुंदर आहे त्यात?” मी गप्प. तुम्ही म्हणालात, “तुम्ही रविवारी लागवडीला जाता ना? लावून झाल्यावर वाफा कसा दिसतो?”

बाई, इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मला त्याचं उत्तर येतं हेही ठाऊक नव्हतं. वाफा भिजवलेला असतो, चिखल काळाभोर. रोपाचे शेंडे छाटलेले. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताने एकेक रोप घ्यायचं, मूळ चिखलात ठेवायचं आणि अंगठ्याने दाबायचं. उकिडवं बसून सरकत राहायचं. लागवड उक्ती असते, टोळीने एकर घेतलेला असतो, त्यामुळे मान वर करायला सवड नसते. कंबर मोडल्यावर उभं राहून मागं बघितलं की काळ्यावर नुसते हिरवे ठिपके. ओळीने. माझ्या आजीच्या हातावर होते तसेच. मी हे बोलले आणि माझं मलाच थांबायला झालं, कारण ते गोंदणच होतं. कवितेने प्रतिमा ‘वापरली’ नव्हती, डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं होतं.

पुढचंही सांगितलं तुम्हाला. दुसऱ्या दिवशी सगळी रोपं माना टाकतात. नवखा माणूस बघेल तर म्हणेल, गेलं पीक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं पाणी दिलं की उठतात. तुम्ही म्हणालात, “हे लिहा.” मी लिहिलं. क्लासवाल्यांच्या सराव परीक्षेत त्या ओळीवर लाल काट आली, बाजूला शेरा: ‘अनावश्यक माहिती’. चारपैकी दीड गुण. मी रडकुंडीला येऊन ते पान तुमच्यापुढे टाकलं.

तुम्ही क्लासवाल्यांना शिव्या घालाल असं मला वाटलं होतं. तसं केलं नाहीत. म्हणालात, “त्यांचं निम्मं बरोबर आहे. कांद्याची माहिती लिहायची नाही, कवितेतल्या शब्दाला लागून जेवढं येतं तेवढंच लिहायचं.” आणि मग मोजून दाखवलंत: पेपर 80 चा (उरलेले 20 तोंडीचे), गद्य 20, पद्य 16, कथा 10, उपयोजित 14, व्याकरण आणि लेखन 20. रसग्रहणाला 4 गुण, म्हणजे नऊ-दहा मिनिटं. तेवढ्या वेळात आशय, शब्दकळा, भाव आणि आपलं मत हे सगळं बसायला हवं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून लिहायला लावलंत. ‘आपल्या शब्दांत लिहा’ असा उपदेश पुष्कळ लोक करतात. त्याला किती मिनिटं द्यायची ते कोणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत.

आता तो “हं”.

त्याच कवितेत ‘नांदते’ शब्द आहे. मातीत नांदते. गाईडमध्ये अर्थ दिला होता: आनंदाने राहणे. तुम्ही तो वाचलात आणि मला विचारलंत, “तुमच्याकडे नांदणं कशाला म्हणतात?” मी म्हटलं, सासरी राहण्याला. “आनंदाने?” मी हसले. आपल्याकडे ‘पोरगी नांदते ना?’ विचारतात तेव्हा पोरगी खूश आहे का, असं विचारायचं नसतं. परत आली नाही ना, एवढंच विचारायचं असतं. नांदायला धाडतात, नांदवत नाहीत, नांदत नाही म्हणून बैठका बसतात. त्या एका शब्दात माप ओलांडण्यापासून सगळं येतं. कवितेतली बाई मातीत रोज नांदते म्हणजे मातीचं सासर करून राहते. सुख असेल, नसेल, तिथून उठायचं नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत, माझं प्रवेशपत्र पुस्तकात खूण म्हणून ठेवलं होतं ते उलटं करून समोर ठेवलंत. वर माहेरचं नाव.

ते बघून काय वाटलं ते मला अजून नीट मांडता येत नाही, म्हणून सोडून देते. गाईड मात्र त्या रात्री चुलीपाशी गेलं. जाळलं नाही, पैसे घातले होते. मुलाने त्याच्यावर परात ठेवायला घेतलं.

तोंडी परीक्षा संपर्क केंद्राच्या, म्हणजे 17 नंबरवाल्यांना नेमून दिलेल्या, कॉलेजात झाली. माझ्या अगोदर सगळी अठरा-एकोणीसची पोरं, मी रांगेत उभी तर शिपायाने विचारलं, “कोणाच्या आई?” आत तरुण सर होते. त्यांनी प्रवेशपत्रावरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. वीस वर्षांनी त्या आडनावाने हाक ऐकली. ‘हजर’ म्हणायचं सुचायला वेळ लागला. म्हणाले, आवडलेल्या कवितेवर बोला. मी नांदण्यावर बोलले, ठिपक्यांवर बोलले, आणि तुम्ही बजावलेलं असूनही आंबवणीवर घसरले. लाल काट डोळ्यांपुढे आली तशी गप्प झाले. सरांनी विचारलं, “आंबवणी म्हणजे?” सांगितलं. त्यांनी समोरच्या कागदाच्या कडेला तो शब्द लिहून घेतला. गुणांच्या रकान्यात काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

लेखी पेपराचं फार सांगण्यासारखं नाही. अकराला सुरू, शेवटी दहा मिनिटं वाढीव, म्हणजे दोन वाजून दहा. बारकोड चिकटवताना हात थरथरत होता. उपयोजितमध्ये अहवाल निवडला. अंगणवाडीची रजिस्टरं इतकी वर्षं भरल्याचा कुठंतरी उपयोग व्हायलाच हवा होता. घड्याळ बघत लिहिलं. वेळ पुरला.

एक तक्रारही आहे, आभाराच्या पत्रात बसत नसली तरी. हिरा बनसोडे यांची ‘आरशातली स्त्री’ तुम्ही मला शेवटच्या आठवड्यापर्यंत वाचू दिली नाहीत. “आत्ता नको, वाचून दोन दिवस काही सुचणार नाही, पेपर आहे,” म्हणालात. मी ऐकलं नाही, रात्री वाचली. दोन दिवस काही सुचलं नाही.

मुलगा पुढच्या वर्षी बारावीला. त्याचं आयटीच राहील, त्यात बदल नाही. परवा मात्र जेवताना त्याने सहज विचारलं, “मम्मी, तुमच्या पुस्तकात अजून काय काय होतं?” मी गजल वाचून दाखवली, सुरेश भटांची. त्याने एका हाताने फोन बघत ऐकली, पण ऐकली. हे तुम्हाला कळवण्याजोगं वाटलं.

सेविकेची जागा निघाली की अर्ज टाकणार आहे. पुस्तक सोमवारी परत आणते. ‘रोज मातीत’च्या पानावर माझ्या अंगठ्याचा मातीचा ठसा उमटलाय; एका रविवारी शेतावरून परस्पर तुमच्याकडे आले होते तेव्हाचा. खोडरबरने घासून पाहिला, कागद विरायला लागला, म्हणून सोडला. दंड किती ते रजिस्टरला लिहून ठेवा.

खाली नाव घातलेलं नाही. गुणपत्रकावर एक आहे, रेशनकार्डावर दुसरं. तुमच्या रजिस्टरात मी जी आहे तेवढंच लिहिते.

तुमची,
सभासद क्रमांक 112