सईस, अमेरिकेतल्या टकोमाहून

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पाच पायांच्या मांजराच्या चित्राचा फोटो मिळाला. बाई पाचवा पाय खोडायला सांगतात ना? त्याआधी हे ऐक. रविवारी इथल्या काचेच्या संग्रहालयात गेलो होतो. 2002 साली सुरू झालंय. आत खरीखुरी भट्टी पेटलेली असते आणि समोर बसून काम बघता येतं. तिथे 12 वर्षांपर्यंतच्या मुलांकडून चित्रं मागवतात, त्यातलं एखादं निवडतात आणि कसलेले कारागीर ते काचेत घडवतात. एकाच्या दोन प्रती: एक संग्रहालयात राहते, दुसरी मुलाच्या घरी जाते.

कारागिराच्या हातात लांबलचक पोलादी फुंकणी. तिच्या टोकाला साधारण 1100 अंशांची वितळलेली काच. ती सतत फिरवत ठेवायची, थांबलं की गोळा लोंबलाच. ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर घेऊन त्याला आकार देतात. जळक्या कागदाचा वास पार आपल्यापर्यंत येतो. कान, पाय वेगळे करून गरम असतानाच चिकटवायचे, आणि तोवर धड गार पडू द्यायचं नाही, नाहीतर तडकलंच. म्हणजे जादा पाय म्हणजे जादा धावपळ. तरी चित्रात जे आहे तेच करायचं, हा तिथला हट्ट.

म्हणून तुझ्या मांजराचा पाचवा पाय खोडू नकोस. बाई काय म्हणायचं ते म्हणोत. (हे आईला वाचून दाखवू नकोस.)

टकोमाचाच डेल चिहूली हा काचेचा मोठा कलावंत. 1976 साली अपघातात त्याचा डावा डोळा गेला, 1979 साली खांदा दुखावला, फुंकणी पेलेना. मग तो रंगांनी चित्रं काढायचा आणि त्यावरून बाकीचे काच फुंकायचे. त्या मुलांचं आणि त्याचं काम तसं एकाच जातीचं! 1994 साली त्यानं इथे ‘हिलटॉप आर्टिस्ट्स’ सुरू करायला मदत केली. त्यात शाळेतली मुलं फुकट काचकाम शिकतात, स्वतः फुंकणी धरतात.

आता तुझं काम. कागदावर मांजराची एकच बाजू दिसते. काचेला मागची बाजूही लागते, ती कारागिरानं मनानं ठरवायची का? शेपूट कुठून निघते, पाचवा पाय पोटाला आहे की पाठीला, तो जमिनीला टेकतो का, ते काढून पाठव. आणि पेन्सिल जरा दाबून, फोटोत फिकट दिसतं.

तुझा,
बाबा