उन्हाळ्याच्या सूचना आणि लुंगीचा पन्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल लागला की उष्माघातापासून बचावाच्या सूचना वर्तमानपत्रांतून येऊ लागतात आणि त्यांत ‘सैल, फिकट रंगाचे सुती कपडे वापरावेत’ हे वाक्य न चुकता असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे नेणाऱ्या नागपुरात या सूचनेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु सैल आणि सुती या दोन्ही कसोट्यांना पुरेपूर उतरणारे वस्त्र, म्हणजे लुंगी, नेसून घराबाहेर पडणाऱ्या पुरुषाकडे याच शहरात ज्या नजरेने पाहिले जाते, त्याबद्दल लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मी रेल्वेतून निवृत्त झालो. नोकरीत असताना ग्रँड ट्रंक किंवा केरळ एक्स्प्रेस फलाटावर लागली की लुंगी नेसलेले प्रवासी बाटल्या भरायला नळावर उतरत आणि जाड पँटमध्ये घामाने निथळणारा मी त्यांच्याकडे किंचित हेव्यानेच पाहत असे. निवृत्तीनंतर मीही लुंगी धरली. घरी, बाजारात, बँकेत तीच नेसतो. मांडीला शिवण काचत नाही, खालून वारा खेळतो आणि धुऊन दोरीवर टाकली की बघता बघता वाळते. स्कूटरवर बसताना गुडघ्यापर्यंत दुमडून खोचावी लागते, एवढीच काय ती अडचण. पैसे कनवटीला लावण्याची जुनी सोय आहेच, पण तिथल्या नोटा घामाने ओल्या होतात, हा स्वानुभव आहे.

खरी पंचाईत आहे ती मनासारखी लुंगी मिळण्याची. इतवारी आणि गांधीबागेत कापडाची एवढी दुकाने असूनही ‘लुंगी दाखवा’ म्हटले की गड्डीतून निघतात त्या बहुधा पॉलिस्टर मिसळलेल्या आणि चकचकीत. विक्रेता शुद्ध सुती म्हणून शपथ घेतो. त्यावर माझा उपाय असा, की कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवावा: सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते, पॉलिस्टर असेल तर आखडून कडक मणी बनतो. ही परीक्षा दुकानाबाहेर करावी. आत केल्यास काय ऐकावे लागते, ते मला ठाऊक आहे. दुसरा घोळ पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा. मला दाखवतात त्या लुंग्यांचा पन्हा ४५ इंच असतो, दोन धुण्यांत तो दीड-दोन इंच आटतो आणि माझ्यासारख्या सहा फुटी माणसाची लुंगी पोटरीवर येऊन थांबते. ५० इंच पन्हा आणि सव्वादोन मीटर लांबी असली म्हणजे निरी नीट पडते आणि चालताना पाय उघडा पडत नाही. शेवटी मी मोठ्या पन्ह्याचे सुती कापड मीटरवर घेऊन दोन्ही टोके दुमडून शिवून घेऊ लागलो. पहिल्या खेपेस शिंप्याने ‘खिडकी किती उंच आहे?’ असे विचारले आणि पैसेही पडद्याच्या भावाने घेतले. नव्याने नेसणाऱ्यांना एक सांगतो: कोऱ्या कापडाला खळ असते, त्यामुळे गाठ निसटते, तेव्हा दोन पाण्यांतून काढल्याशिवाय नेसून बाहेर पडू नये.

वास्तविक आपल्या भाषेत सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात आणि धोतर, लुगडे, लुंगी नेसतात. न शिवलेल्या वस्त्रासाठी वेगळे क्रियापद राखून ठेवणारी भाषा बोलणाऱ्यांना ते वस्त्र परके वाटावे, याचे नवल वाटते. शिवाय नागपूर हे कोष्ट्यांचे, म्हणजे विणकरांचे गाव. येथील रेशीमकाठी धोतरे एकेकाळी नावाजलेली होती आणि १८७७ साली टाटांची एम्प्रेस मिल येथेच सुरू झाली. आज धोतर लग्नसराईत दिसते, तेही नाडी किंवा इलॅस्टिक लावून शिवलेले.

गेल्या वर्षी मे महिन्यात शहरातील एका सभागृहात व्याख्यानाला गेलो असता दारावरील तरुणाने मला नम्रपणे अडवले. ‘काका, लुंगीवर आत सोडत नाहीत, पँट घालून या,’ तो म्हणाला. माझी लुंगी पांढरी, इस्त्रीची आणि घोट्यापर्यंतची होती. आत पाहुण्यांच्या स्वागतासाठी आणलेले सनईवाले धोतर नेसून उभे होते. त्या मुलाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. नियम त्याने केलेला नव्हता. मी घरी परतलो.

ज्या वस्त्रावरून मला परत पाठवले, ते नेसून केरळात मंत्री विधानसभेत बसतात. म्यानमारमध्ये लोंजी हा रोजचा पोशाख आहे, तर इंडोनेशिया, मलेशिया आणि श्रीलंकेत तेच वस्त्र सारोंग म्हणून नेसतात. तमिळनाडूत २०१४ साली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचे धोतर, नेसल्यामुळे क्लबात प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्याच वर्षी राज्याने कायदा करून अशी मनाई बेकायदा ठरवली आणि परवाना रद्द करण्याचीही तरतूद केली. आपल्याकडे कायद्यापर्यंत जाण्याची गरज पडू नये. सभागृहांच्या व वाचनालयांच्या विश्वस्तांनी ‘लुंगी’ हा शब्द नियमांतून काढून ‘स्वच्छ व नीटनेटका पोशाख’ एवढेच लिहिले, तरी माझे समाधान होईल.

राहिला प्रश्न कापडाचा. १९८५ च्या कायद्यानुसार लुंगी आणि धोतर यांचे ठरावीक प्रकार हातमागासाठी राखीव आहेत आणि राज्य हातमाग महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. महामंडळाने विदर्भातील विणकरांकडून शुद्ध सुती, न शिवलेली, ५० इंच पन्ह्याची लुंगी साध्या चौकड्यांत विणून घेऊन उन्हाळ्याआधी विक्रीस ठेवावी, अशी आपल्या दैनिकाद्वारे विनंती करतो. पहिल्या चार मी घेईन. त्यांपैकी दोन आमच्या व्याह्यांसाठी, जे अजून पडद्याचे कापडच नेसतात.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
नागपूर