माकडतापात आधी मोजायची ती मेलेली माकडे

महोदय,

काजूचा हंगाम आला की दोडामार्ग-सावंतवाडी भागातल्या माकडतापाच्या, म्हणजे गोचिडीतून माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य तापाच्या, बातम्या सुरू होतात. त्यांत आकडा एकच असतो, किती माणसांना लागण झाली. हा आकडा उशिराचा. त्याआधीची खूण म्हणजे रानात मेलेले माकड, आणि ती बहुतेकदा हातची जाते. माकडांनी वर्षभर बागायतीची नासधूस केलेली असते. त्यातले एक मेले म्हणून कळवायला जाणार कोण? खड्डा खणून पुरले की विषय संपला.

खरे तर हा आजार माकडांमुळेच उजेडात आला. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, आसपासच्या गावांत ताप पसरला. पीतज्वर (यलो फीव्हर, डासांमुळे पसरणारा ताप) भारतात शिरला की काय, अशी धास्ती होती, कारण त्यातही माकडे मरतात. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही), तपास केला तेव्हा विषाणू वेगळा निघाला आणि वाहक डास नसून गोचीड असल्याचे कळले. पुढे कित्येक दशके आजार कर्नाटकापुरताच दिसत राहिला. 2012 नंतर तो निलगिरी, वायनाड, 2015 मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि 2016 मध्ये आपल्या दोडामार्गात सापडला.

मेलेले माकड धोक्याचे का, हे गोचिडीचा जीवनक्रम पाहिला की कळते. पावसाळ्यानंतर तिची पिल्ले बाहेर पडतात. त्यांची पुढची अवस्था, खसखशीपेक्षा जेमतेम मोठी, साधारण नोव्हेंबर ते मे या काळात पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरात, दबा धरून असते आणि माणसाला चावते ती प्रामुख्याने हीच. आजारी वानराच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. ते मेले, अंग गार पडले की अंगावरच्या गोचिड्या उतरतात आणि त्याच जागी नवे सावज शोधतात. म्हणून मृत माकडाला हात लावू नये, ओढू नये, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नये. जागेची खूण ठेवून त्याच दिवशी आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवावे.

पुढचे काम वेळेचे आहे. शवविच्छेदन पशुवैद्यकाने पूर्ण संरक्षक पोशाखातच करावे. हा विषाणू प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही लागलेला आहे. मेंदू, फुप्फुस, यकृत, प्लीहा यांचे तुकडे बर्फाच्या पेटीतून तातडीने प्रयोगशाळेत जायला हवेत. उन्हात दोन दिवस सडलेल्या माकडातून विषाणू सापडण्याची आशा फारशी नसते, आणि मग ‘नकारार्थी’ अहवालावर गाव निर्धास्त होते. शव जाळावे. त्या जागेभोवती 50 फुटांपर्यंत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारतात. ती पातेऱ्याच्या जाड थरावर नुसती भुरभुरवली तर तळाशी पोचत नाही. गोचिड्यांत विषाणू आहे का हे पाहण्यासाठी काठीला पांढरे फ्लॅनेलचे कापड बांधून पाचोळ्यावरून फिरवले की गोचिड्या त्याला चिकटतात. त्या चिमट्याने वेचून, जात आणि अवस्था पाहून, गटागटाने तपासतात. पाच-पंचवीस गोचिड्यांत विषाणू मिळाला नाही म्हणून जंगल सुरक्षित ठरत नाही.

रुग्णाच्या बाबतीत चूक होते ती चाचणीच्या निवडीत. पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर उपयोगी, कारण तेव्हा विषाणू रक्तात असतो; त्यानंतर रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम एलायझा. दहा दिवस घरी काढून आलेल्याची फक्त पीसीआर केली तर आजार निसटू शकतो. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी डेंगीतही कमी होतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. फेब्रुवारीत काजूच्या बागेतून आलेला, एकाएकी कडकडून ताप, असह्य डोकेदुखी आणि अंगदुखी असलेला रुग्ण डेंगी समजण्याआधी त्याला रानाबद्दल विचारावे. तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे. रक्तस्रावाचा धोका असल्याने अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावे. ताप उतरल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी काहींना तो पुन्हा उलटतो, सोबत मान आखडणे, कंप, भ्रम. त्यामुळे बरे वाटले म्हणून लक्ष काढून घेऊ नये.

गुरांबद्दल कमी बोलले जाते. गुरे या तापाने आजारी पडत नाहीत, पण मोठ्या गोचिड्या त्यांच्याच रक्तावर पोसतात. मादी गळून पडते आणि हजारोंनी अंडी घालते. रानात चरणाऱ्या गुरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोचीडनाशक दिले तर पुढच्या हंगामाची पैदास घटते. गोठ्यात अंथरायला आणलेल्या पातेऱ्याबरोबर गोचिड्या घरापर्यंत येतात. निदान माकड मेलेल्या भागातून तरी तो आणू नये. रानात जाताना गोचिड्यांना दूर ठेवणारे डेपा तेल लावावे, विजार मोज्यांत खोचावी. परतल्यावर गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करावी; काखा, जांघा, कानामागे आणि कमरेला नाडी बांधतो ती जागा तपासावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल किंवा जळती काडी लावू नये.

जुनी लस परिणाम पुरेसा नसल्याने 2022 मध्ये बंद झाली, त्यामुळे सध्या भिस्त याच उपायांवर आहे. आरोग्य खात्याने नोव्हेंबर ते मे दर आठवड्याला माकडांचे मृत्यू गाव आणि तारखेसह जाहीर करावेत, कळवणाऱ्याला थोडे मानधन द्यावे. आपल्या दैनिकाने तो तक्ता जिल्ह्याच्या पानावर छापावा, ही विनंती.

– सिंधुदुर्गातील काही पशुवैद्यक व कीटकशास्त्राचे अभ्यासक