गावात घर म्हणजे स्वतःची नगरपालिका

संपादक महाशय,

शहरात राहावे की गावात, यावर लिहिणारे बहुतेक जण हवा, शांतता, माणुसकी आणि धकाधक या चार शब्दांत विषय आटोपतात. घर बदलायला निघालेल्याला त्यातून काही हाती लागत नाही. खरा फरक व्यवस्थेचा आहे. शहरात पाणी आणणे, मैला नेणे, वीज टिकवणे ही कामे कर आणि देखभालखर्चाच्या बदल्यात दुसरे कोणीतरी करते. बरे करो वा वाईट, पण करते. गावाबाहेरच्या सुट्या घरात हीच कामे मालकाच्या अंगावर येतात आणि तो स्वतःची नगरपालिका होऊन बसतो. ती चालवायला वेळ आहे का, आवड आहे का, अंगात ताकद किती वर्षे राहील, हे आधी ठरवावे. सूर्योदय कोणत्या खिडकीतून दिसतो ते नंतर पाहता येईल.

सुरुवात पाण्यापासून करावी. बाकीच्या बहुतेक अडचणींवर पैसा ओतून उपाय निघतो, पाण्यावर निघेलच असे नाही. नळ आणि फ्लश असलेल्या घराची आखणी करताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. चौघांचे ५४० लिटर झाले. विकणारा बोअर चालू करून दाखवतो, मनगटाएवढी धार पडते आणि पाहणारा खूश होतो. फसगत होते ती इथेच. १५० मिमी व्यासाच्या बोअरमध्ये उंचीच्या दर मीटरला सुमारे १७.७ लिटर पाणी उभे असते. आत ४० मीटर पाणी असेल तर सातशे लिटर नुसता साठाच आहे. मिनिटाला ३० लिटर उपसणारी मोटार पहिली वीस मिनिटे बव्हंशी हा साठाच बाहेर काढत असते. खडकातून नवे पाणी किती येते, याचा पत्ता तोवर लागलेलाच नसतो.

चाचणी कोरड्या दिवसांच्या अखेरीस घ्यावी. मोटार लावण्याआधी पाण्याची पातळी मोजून ठेवावी, मग चार-सहा तास सलग उपसा करावा. २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते दर अर्ध्या तासाने टिपावे. ४० सेकंद लागले तर मिनिटाला ३० लिटर, ८० लागले तर १५. धार तुटू लागली, पाइप मधूनमधून हवा ओकू लागला, तर उपसा झऱ्यापेक्षा जास्त आहे. मोटार बंद केल्यावर पातळी पूर्ववत यायला किती वेळ लागतो, तेही पाहावे. बारीक झऱ्याचा बोअर मात्र लगेच मोडीत काढू नये. मिनिटाला एकच लिटर येत असेल तरी दिवसाचे १४४० लिटर होतात, म्हणजे चौघांच्या गरजेच्या अडीचपटीहून जास्त. त्याला लहान मोटार, ठरावीक वेळाने थोडा थोडा उपसा करणारा टायमर, दोन-तीन हजार लिटरची टाकी आणि पाणी तुटताच मोटार बंद पाडणारे ड्राय-रन संरक्षण लागते. हे शेवटचे उपकरण वाचवायला गेले की सबमर्सिबल मोटार हमखास जळते. तिला थंड ठेवणारे पाणीच भोवती नसते.

पाणी नितळ दिसले, गोड लागले, म्हणजे चांगले असे धरून चालू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हे मैल्यातले जंतू अजिबात नकोत, नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमपर्यंत आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालते. यातले ई-कोलाय तेवढे उकळून मरतात. नायट्रेट आणि फ्लोराइड उकळल्याने जात नाहीत. पाणी आटते तसे त्यांचे प्रमाण उलट थोडे वाढते. घरात तान्हे मूल असेल तर नायट्रेटचा आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्यावी, नमुना थंड ठेवावा आणि त्याच दिवशी पोहोचवावा. तपासणी एकदा पावसानंतर आणि एकदा कोरड्या दिवसांत करावी, कारण दोन्ही वेळचे निकाल बरेच वेगळे येऊ शकतात.

पाण्याइतकाच महत्त्वाचा विषय मैल्याचा, पण घर पाहायला गेलेला माणूस तो काढायला संकोचतो. सेप्टिक टाकीत मैला नाहीसा होत नाही. जड भाग तळाशी बसतो, त्यातला काही कुजतो आणि वरचे पाणी रोगजंतूंसह पुढे जाते. ते मातीत मुरले पाहिजे. मुरते का हे पाहायला शोषखड्ड्याच्या जागी लहान खड्डा खणावा, रात्रभर पाणी भरून माती तृप्त करावी आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी २५ मिमी उतरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहावे. तास उलटला तरी उतरली नाही, तर ती जमीन शोषखड्ड्याच्या कामाची नाही. गवंडी खड्डा ‘पक्का’ करण्याच्या नादात आतून गिलावा करतात आणि मग पाणी मुरत नाही म्हणून टाकीला दोष देतात. विहीर किंवा बोअर शोषखड्ड्यापासून निदान १५ मीटर लांब हवा. भेगाळ खडकात तेवढेही पुरत नाही. शेजाऱ्याचा शोषखड्डा आपल्या बोअरपासून किती लांब आहे, हेही मोजावे. ते सहसा कुणी मोजत नाही. टाकीतला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो, तेव्हा टँकर दारापर्यंत येईल एवढा रस्ता आहे का, हेही पाहून ठेवावे.

विजेच्या बाबतीत लोक फक्त ‘किती तास जाते’ एवढेच विचारतात. वीज असताना दाब किती असतो, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. लांबलेल्या वाहिनीच्या टोकाच्या घरात संध्याकाळी २३० व्होल्टचे १८० होऊ शकतात. मोटारीचा सुरू होतानाचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे १८० व्होल्टला तो जेमतेम ६१ टक्के उरतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर गुरगुरतो, फिरत नाही, करंट ओढत तापतो आणि आतली तारेची गुंडाळी (वाइंडिंग) जळते. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान मल्टिमीटर लावून दाब पाहावा. मध्यान्हीचा आकडा कामाचा नाही. इन्व्हर्टरचा हिशेबही आधीच करून ठेवावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची असते. ती टिकवायची तर निम्मीच वापरावी, त्यातून रूपांतरातली तूट वजा जाता साधारण ७५० वॅट-तास हाती राहतात. तेवढ्यात नेहमीचे दोन पंखे, दिवे आणि राउटर जेमतेम चारेक तास चालतात. एक अश्वशक्तीची पाण्याची मोटार मात्र अशा घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही, कारण सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट मागते. म्हणून टाकी उंचावर हवी आणि वीज असेल तेव्हाच ती भरून घ्यावी.

अंतर किलोमीटरमध्ये विचारणे सोडून द्यावे, मिनिटांत विचारावे, आणि तेही सर्वांत वाईट वेळेचे. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. लक्षण ओळखणे, गाडी मिळणे, पोहोचणे आणि स्कॅन हे सगळे त्या साडेचार तासांत बसले पाहिजे. तेव्हा जवळच्या दवाखान्याचे अंतर मोजून उपयोग नाही. मध्यरात्री सीटी यंत्र चालू असते ते रुग्णालय गाठायला किती मिनिटे लागतात, ते पाहावे. डायलिसिसच्या रुग्णाला बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास लागतात. घरात असा रुग्ण असेल तर घर कुठे असावे, हा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

नोकरीच्या प्रवासाचेही तसेच. एका बाजूला ४५ मिनिटे ऐकायला फार वाटत नाहीत. वर्षाचे २४० दिवस धरले तर ३६० तास होतात, म्हणजे आठ तासांचे ४५ कामाचे दिवस. अर्थशास्त्रज्ञ अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी २००८ मध्ये जर्मनीतल्या कुटुंबांच्या आकडेवारीवरून दाखवले की, लांबच्या प्रवासाने कमी होणारे समाधान जास्त पगार किंवा स्वस्त घर यांनी पूर्ण भरून निघत नाही. त्यात सरासरीपेक्षा अनिश्चितता जास्त छळते. एरवी ५० मिनिटांचा रस्ता आठवड्यातून एकदा ८० मिनिटे घेत असेल, तर वेळेवर पोहोचावे लागणारा माणूस रोजच ८० मिनिटे आधी निघतो.

शांततेबद्दल थोडक्यात. वाहत्या रस्त्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर आवाज साधारण ३ डेसिबलच उतरतो. हमरस्त्यापासून २० मीटरऐवजी ४० मीटरवर घर घेऊन कानाला फारसा फरक पडत नाही. गावातही शेतातल्या मोटारी, दगड फोडणारे क्रशर आणि लाउडस्पीकर असतातच. हवेचीही तीच गत. वाऱ्याच्या दिशेला वीटभट्टी असेल किंवा आसपास पाचट-पालापाचोळा जाळत असतील, तर फुप्फुसांसाठी गाव हे नावापुरतेच गाव.

शहराच्या बाजूने बोलायचे तर तिथल्या घराचीही परीक्षा घ्यावी, फक्त ती वेगळी असते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, फ्लश सगळे एकदम सोडून वरच्या मजल्यावर धार किती उरते ते बघावे. दर १० मीटर उंचीला सुमारे एक बार दाब खर्ची पडतो. गृहनिर्माण संस्थेचे तीन वर्षांचे हिशेब आणि सभांची इतिवृत्ते मागावीत. गळती, लिफ्ट आणि थकबाकी हे तीन शब्द त्यांत वारंवार आले तर सावध व्हावे. एवढी पाहणी एका दिवसात उरकते. शहरात चूक झाली तरी घर बदलणे त्या मानाने सोपे असते. आडबाजूच्या घराला गिऱ्हाईक मिळायला बराच काळ जातो.

माझ्या मते सर्वांत धोक्याची जागा आहे ती शहराची वेस. नगररचनेचे इंग्रज विचारवंत एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये नगर आणि ग्राम दोन्हींचे गुण एकत्र आणणाऱ्या वसाहतीची कल्पना मांडली आणि १९०३ मध्ये इंग्लंडमधल्या लेचवर्थ इथे ती उभी राहू लागली. त्यात जमीन, रस्ते, कारखाने आणि शेतीचा पट्टा यांचा आराखडा आधी होता. शहरांच्या कडेला अनेकदा उलटे घडते. इमारती आधी उभ्या राहतात, गटार आणि पाण्याची वाहिनी पुढे कधीतरी येते. तिथे राहणाऱ्याच्या वाट्याला वाहतूक शहराची आणि सांडपाण्याची सोय खेड्याची येते. याउलट स्वतःची नळयोजना, रुग्णालय आणि चालत गाठता येणारा बाजार असलेले लहान नगर पुष्कळ कुटुंबांना मानवण्यासारखे असते, पण जाहिरातींत त्याला कुणी विचारत नाही.

आपल्या घरविषयक पुरवणीतल्या जाहिरातींत ‘अमुक ठिकाणापासून वीस मिनिटे’ असे छापलेले असते. ती वीस मिनिटे कोणत्या वारी, किती वाजता मोजली, हेही छापण्याची अट आपण घालावी, अशी विनंती आहे. पाण्याचा स्रोत आणि सांडपाण्याची सोय या दोन ओळीही सक्तीच्या कराव्यात.

गावाकडे निघालेल्यांनी शहरातले घर विकण्याआधी निदान वर्षभर तिथे भाड्याने राहावे आणि त्या मुदतीत कोरडे दिवस व भर पाऊस दोन्ही येतील असे पाहावे. भाडेकरारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: बोअरच्या पाण्यात आणखी कोणाचा वाटा आहे का, मोटार जळली तर किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने बदलायची, आणि घरापर्यंतची वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर तिचा लेखी हक्क आहे का.

आपला,
एक वाचक