चेंढऱ्याची खोली आणि वाडीतल्या पोफळी

नांदगाव, ता. मुरूड
रविवार, 11 जानेवारी 2026

प्रिय संजू,

फोनवर तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तुझं स्टेशन आलं. म्हणून शेवटी वही घेऊन बसलोय. माझं अक्षर तुला लागतं, कारण शाळेत माझ्याच वहीवरून उतरवायचास.

विषय एकच. आम्ही अलिबागला बिऱ्हाड हलवावं की नाही?

मेघनाची जूनमध्ये अलिबागच्या कार्यालयात बदली झाली, हे तुला माहीत आहे. तेव्हापासून सकाळी पावणेसातची एसटी आणि संध्याकाळी साडेसातला दारात. अंतर चाळीसेक किलोमीटर, पण काशीद, बोर्ली, कोर्लई, साळावचा पूल, रेवदंडा, चौल, नागाव करत गाडी जाते तेव्हा ते चाळीस राहत नाही. शनिवारी काशीदला पर्यटकांच्या गाड्या अडकल्या की विचारूच नकोस. अर्ध्या तिकिटामुळे पैशाचा त्रास नाही, त्रास शरीराचा आहे. परवा ती आली तेव्हा कपाळावर खिडकीच्या रबराचा आडवा वळ उमटला होता. रेवदंड्यापासून इथपर्यंत झोपून आली होती. जेवताना मुक्ताने विचारलं, "आई, तुला कोणी मारलं का?" सगळे हसलो. मेघना हसली नाही.

मुक्ताची फेब्रुवारीत दहावी. पुढे सायन्स म्हणते. कॉलेज आणि क्लास, दोन्ही अलिबागलाच. म्हणजे जूनपासून घरातून दोघी निघणार. ओम सहावीत आहे, त्याला कुठेही टाका, तो क्रिकेट शोधेल.

पण खरं कारण ते नाही. ऑक्टोबरमधल्या त्या रात्रीनंतर हा विषय घरातून गेलाच नाही.

आप्पांना दीडच्या सुमारास दम लागला. बसवलं, पंखा लावला, आईने पाठ चोळली. 108ला फोन केला, गाडी दुसरीकडे गेलेली. शेवटी माझ्याच ईकोमध्ये मागची सीट पाडून, मोटारींच्या कॉइलची खोकी अंगणात फेकून त्यांना घातलं. मेघना मागे त्यांचं डोकं धरून. काशीदचा चढ, दाट अंधार, आणि आप्पांच्या श्वासाचा आवाज. उकळत्या किटलीसारखा. मी रेडिओ लावला होता रे, कारण तो आवाज ऐकवेना. अलिबागला पोचायला सव्वा तास लागला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी भरत होतं, वेळेत आणलंत. त्यांनी "वेळेत" म्हटलं आणि मला तो सव्वा तास आठवला. आता आप्पा ठीक आहेत, मीठ कमी, गोळ्या सुरू, आणि लोणच्याच्या बरणीपाशी रोज भांडण.

आल्यावर आम्ही घरं बघायला लागलो. आणि मग कळलं की अलिबाग आपलं राहिलेलं नाही.

तुला आठवतं, आपण कॉलेजला असताना मांडव्याच्या बोटीने मुंबईला जाणं म्हणजे मजा होती. आता रो-रोमध्ये गाडी घालून लोक येतात. ती 2020च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि लगेच लॉकडाऊन लागला, पण नंतर जे झालं ते तू पनवेलला बसून बघतोसच. त्यात जानेवारी 2024ला अटल सेतू झाला, गेल्या महिन्यात नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. प्रत्येक वेळी आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक टाळीला अलिबागलगतच्या चेंढरे, वरसोली, कुरूळ इथल्या चौरस फुटाचा भाव उठत गेला. भाव ठरतो मुंबईच्या खिशावर, आणि मेघनाचा पगार ठरतो शासनाच्या तक्त्यावर. दोघांची गाठ पडायची ती आमच्या बँकेच्या पासबुकात.

चेंढऱ्याला एक दोन बेडरूमचा फ्लॅट बघितला. तयार इमारत, पूर्णत्वाचा दाखला आहे, म्हणून जीएसटी नाही. बिल्डर 50 लाख म्हणतो. बँक त्यातले 80 टक्के देते, म्हणजे 40. उरलेले 10 आपले, वर मुद्रांक शुल्क, नोंदणीचे 30 हजार, आणि पंखे, ट्यूब, पडदे. घर फक्त मेघनाच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "घे की तिच्या नावावर, नाहीतरी हप्ता तीच भरणार." पटलं, पण लागलंही.

40 लाख, 8 टक्के, 20 वर्षं. महिना साधारण साडेतेहतीस हजार. मी वहीत गुणाकार केला तर वीस वर्षांत 80 लाखांवर जातात. मग मेघनाने शांतपणे एक ओळ लिहिली. तिची निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, कर्ज फिटणार बासष्टाव्या. शेवटची चार वर्षं कोण भरणार, याचं उत्तर दोघांनीही दिलं नाही. माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळलेल्या पंपांना नवी तार भरायच्या दुकानाचं तुला माहीत आहे. मार्च ते मे पंप जळतात तेव्हा पैसा, पावसाळ्यात माश्या.

आणि दुकान आहे मुरूडला! हे मला पंधरा दिवसांनी सुचलं, हस हवं तर. अलिबागला राहायला गेलो तर मेघनाचा प्रवास संपेल आणि माझा सुरू होईल. तीच एसटी, तोच साळावचा पूल, फक्त तोंड दुसरीकडे. अलिबागला नवीन दुकान टाकता येईल म्हणतोस, पण पंप जळल्यावर हाक मारणारा माणूस नात्याने येतो. इथे वाडीवाले मला मोटार खांद्यावरून उतरवायच्या आधी शिव्या देतात. ते गिऱ्हाईक पाटी लावून मिळत नाही.

त्या इमारतीची एक गोष्ट मात्र तुला सांगितलीच पाहिजे. आम्ही मंगळवारी संध्याकाळी गेलो होतो. फ्लॅट छान, हवेशीर, न्हाणीघरात फिकट हिरव्या टाइल्स. मी वायरिंग बघत होतो, मेघना गॅलरीत उभी. परत येताना म्हणाली, "सोळा फ्लॅट आहेत आणि दोनच दोऱ्यांवर कपडे आहेत." मी मान वर करून बघितलं. खरंच. दोन ठिकाणी कपडे, चार ठिकाणी दिवे. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, बाकीचे शनिवारी येतात, सोमवारी पहाटे जातात. म्हणजे रात्री दीड वाजता आप्पांना दम लागला तर मी दार कोणाचं वाजवणार? इथे तर त्या रात्री ईकोला धक्का मारायला शेजारचा जनू लुंगीवर पळत आला होता.

मेघना म्हणाली, अलिबागला हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, धक्का मारायची वेळच येणार नाही. तेही बरोबर. तिचं बरोबर असणं हीच माझी अडचण आहे.

भाड्याचंही बघितलं. एका बेडरूमला 12 हजार, 50 हजार डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, तो रजिस्टर करायचाच. परवडतं. पण एक मालक भेटला, नाव नको, त्याने सगळं ठरल्यावर विचारलं, "नाताळ ते एक तारीख तुम्ही गावाला जाता ना? तेवढे दिवस खोली मोकळी दिलीत तर भाड्यात कमी करू." आठ दिवसांत तो पर्यटकांकडून महिन्याचं भाडं काढणार. मी म्हटलं, आमचं कपाट? म्हणाला, कपाटाला कुलूप लावा. मेघना जिना उतरायला लागली होती. दुसरी एक बाई मिळालीय, निवृत्त शिक्षिका, तळमजल्यावर स्वतः राहते, वरची खोली देते. मागे विहीर, दोरीवर भरपूर कपडे. ती म्हणाली, म्हातारे येणार असतील तर पायऱ्यांना कठडा लावून घेते. 13 हजार. वीस तारखेपर्यंत कळवायचंय.

वाडी विकून फ्लॅट घ्या असं सांगणारे रोज दोन भेटतात. दलाल तर गाडी थांबवून विचारतात. अठरा गुंठ्यांचा आकडा ऐकून माझेही डोळे फिरले, तुझ्यापासून काय लपवायचं. पण सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. त्यातली एक आत्या बडोद्याला, दोन चुलतभाऊ एकमेकांच्या लग्नाला गेले नाहीत, आणि एक नाव वारलेल्याचं, वारसनोंद नाही. कोकणात जमीन टिकते ती प्रेमाने नव्हे, सह्या न मिळाल्याने. तेव्हा तो रस्ता आपोआप बंद. बरंच झालं, नाहीतर मी चुकीच्या दिवशी होकार दिला असता.

आता पोफळींचं सांगतो, म्हणजे तुला आप्पा कळतील.

3 जून 2020ला निसर्ग वादळ झालं तेव्हा तू फोन लावत होतास आणि टॉवरच पडले होते. आमच्या सुपारीच्या 210 पोफळींपैकी 148 गेल्या. काही मुळासकट, बऱ्याचशा मधूनच काडीसारख्या मोडल्या, आणि एक पडताना दुसरीला घेऊन पडली. उरल्या त्यांचीही सावली गेली, पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे बुंधे भाजून चिरले. 2021च्या पावसात आप्पांनी दीडशे रोपं लावली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. मी म्हटलं होतं, आप्पा, पोफळ लागायला सहा-सात वर्षं, हौस आवरा. ते म्हणाले, मग काय केळीच बघत बसू? मधल्या जागेत केळी लावल्याच, रोपांना सावली हवी म्हणून. रोज पाटाचं पाणी फिरवायचं, कुदळीने माती ओढायची. या पावसाळ्यानंतर चार-पाच पोफळींवर पहिली पोय, म्हणजे फुलोरा, फुटलीय. आप्पा रोज सकाळी जाऊन मान वर करून बघतात, आणि येऊन मुक्ताला सांगतात, अजून चार. ऑक्टोबरनंतर त्यांना पाणी फिरवायची बंदी आहे. मी पंपाला टायमर बसवलाय, पण पाट कुठे फुटला ते टायमरला कळत नाही.

त्या माणसाला मी सांगू, चला, वरच्या मजल्यावर खोली घेतलीय?

सांगितलं एकदा. पहिल्यांदा म्हणाले, "मरायला अलिबागला कशाला, ते इथेही जमतं." आई भडकली. मग रात्री अंगणात मला एकट्याला म्हणाले, "तू मुलीचं बघ. मी आणि तुझी आई इथे राहतो. त्रास झाला तर जनू आहे." जनू साठीचा आहे, संजू. आणि त्याच्या घरातली दोन्ही पोरं विरारला.

माझा कल सांगतो, मग तू शिव्या दे. फ्लॅट घ्यायचा नाही. मेघनाची बदली पुन्हा होऊ शकते, आणि वीस वर्षांचं कर्ज दोन वर्षांच्या गरजेसाठी मला पचत नाही. शिक्षिकाबाईंची खोली जूनपासून घ्यायची, मुक्ताची बारावी होईपर्यंत. मेघना आणि दोन्ही मुलं तिथे. मी आठवड्यात तीन रात्री तिथे, बाकी इथे. आप्पांना पावसाळ्यात न्यायचं, कारण पावसात पाणी फिरवायचं काम नसतं आणि त्यांचा दमही पावसातच वाढतो. पाऊस संपला की परत वाडीत. घरखर्च दोन ठिकाणी होईल, नारळ विकत आणला की आईचा जीव जाईल, पण हप्त्यापेक्षा कमीच. मेघनाला हे अर्धवट वाटतं. ती म्हणते, दोन्हीकडे एक एक पाय ठेवून माणूस मधल्या पुलावर राहतो. तिला स्वतःचं घर हवंय आणि मागण्यात चूक नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, स्वयंपाकघराचा ओटा अजून आजीच्या उंचीचा आहे.

तू 2011ला पनवेलला गेलास तेव्हा ट्रकमध्ये काकींनी पाटा-वरवंटा चढवायला लावला होता. मी आणि तू उचलून कमरेत उसण भरली होती. मागे पनवेलला आलो तर तो पाटा गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली होता. मी बोललो नाही, तूही बोलला नाहीस. आज विचारतो. काकींना शेवटच्या वर्षांत गावची आठवण किती यायची? आणि हप्ता भरताना तुझ्या मनात कधी आलं का, की थांबायला हवं होतं? गोड उत्तर देऊ नकोस, ते देणारे इथे पुष्कळ आहेत.

पुढच्या रविवारी, 18 तारखेला ये. त्याच्या पुढच्या शनिवारी नको, 26 जानेवारीला जोडून सुट्ट्या आहेत, वडखळपासून अडकशील. आधी अलिबागला उतर, मेघनाबरोबर त्या बाईंची खोली बघ. तुझं आणि तिचं घराच्या बाबतीत जमतं, मला दोघं मिळून मूर्ख ठरवता. मग दुपारी इथे ये. आप्पांशी तू बोल. त्यांच्या वाडीतली ओली सुपारी चोरून विकणारा म्हणून ते तुला अजून मानतात. माझं ऐकताना ते मुलाचं ऐकतात, तुझं ऐकताना माणसाचं ऐकतील. फक्त सुरुवात हॉस्पिटलने करू नकोस. आधी वाडीत जा, पोय किती फुटल्या ते विचार.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला आशीर्वाद.

तुझा,
नंदू

ता. क. हे लिहीपर्यंत आप्पा येऊन गेले. सहावी फुटलीय म्हणतात. मी बॅटरी घेऊन बघून आलो, मला पाचच दिसल्या. तू आलास की मोजू.