काका, चार डेलिया परत आले, तुमचे आभार मानायचे राहिलेत

काका,

फोनवर थँक्यू म्हणाले होते पण तुम्ही नेहमीसारखं "अगं त्यात काय" म्हणून विषयच बदललात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. आता वाचावंच लागेल तुम्हाला.

पुण्यात आमच्याकडे डेलिया म्हणजे थंडीचं फूल. पावसाळा सरला की आई कुंडीत लावायची आणि डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर ताटाएवढी फुलं. त्यामुळे इथे सिॲटलजवळ घर घेतल्यावर पहिली हौस तीच होती, २०२३ च्या मेमध्ये पाच कंद आणून लावले आणि ऑगस्टपासून इतकी फुलं आली की मी रोज आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायचे. आणि मग ऑक्टोबरच्या शेवटी एका रात्रीत दहिवर पडलं आणि सकाळी बघते तर सगळी झाडं काळी, उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. मी खरंच रडले त्या दिवशी. जिथून कंद घेतले होते तिथे विचारलं तर म्हणाले उपटून टाका, पुढच्या वर्षी नवीन घ्या.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी हे सहज बोलून गेले आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी सकाळी गमबूट घालून दारात. आपली तोपर्यंत धड ओळखसुद्धा नव्हती काका.

तुम्ही तेव्हा वाफ्यात उकिडवे बसून जे सांगितलंत ते मला अजून शब्द न् शब्द आठवतंय. वरचं झाड मेलंय, खालचा गड्डा झोपलाय. हे मूळचं मेक्सिकोच्या डोंगरातलं झाड, तिथला हिवाळा कोरडा, त्यामुळे कोरड्या मातीत झोपायची त्याला सवय आहे, इथे त्याला थंडीपेक्षा पाऊस जास्त मारतो कारण चार-पाच महिने माती ओलीच्या ओली राहते आणि कंद सडतो. म्हणून आधी तुम्ही माती मुठीत दाबून बघितलीत, वाफ्याचा उतार बघितलात, आणि म्हणालात चार ठिकाणी निचरा चांगला आहे, ते जमिनीतच राहू देत, पण पन्हळीचं पाणी पडतं त्या कोपऱ्यातला काढून घे. तो मी काढला नाही. कंटाळा केला. त्याचं पुढे सांगते.

मग दांडे वीतभर ठेवून कापलेत आणि मला आत बघायला लावलंत. पोकळ! बांबूसारखा नळा, पाऊस त्यातून थेट गड्ड्याच्या मानेपर्यंत उतरतो आणि डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, सगळे त्या मानेवरच असतात, बटाट्यासारखे अंगभर नसतात, म्हणजे मान कुजली की खाली कंद कितीही जाडजूड असला तरी उपयोग शून्य. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरातली फॉइल मागून प्रत्येक दांड्याला टोपी घातलीत, वर मागच्या अंगणातली फर्नची पानं आणि पालापाचोळा चांगला वीतभर, त्यावर जुनी ताडपत्री आणि कडेला विटा. दोन तास लागले, हात गारठले होते तुमचे, आणि चहा सोडून काही घेतलं नाहीत.

जानेवारी २०२४ मध्ये ती भयंकर थंडी पडली ना, पारा २० फॅरनहाइटच्या खाली गेला होता, तेव्हा मी रात्री तुम्हाला मेसेज केला होता आणि तुम्ही लगेच उत्तर दिलंत, गोठतो तो मातीचा वरचा थर, तुझे कंद खोल आहेत आणि वर पांघरूण आहे, झोप आता. झोपले मी.

एप्रिल गेला, काही नाही. शेजारच्या ट्युलिपची फुलं येऊन गळली तरी माझ्याकडे नुसती माती. मेच्या पहिल्या आठवड्यात मी फावडं घेऊन उभी होते, आता काढूनच टाकते असं ठरवून, आणि तुम्हाला विचारावं म्हणून फोन केला तर तुम्ही म्हणालात "फावडं खाली ठेव आधी, मी येतोय." आलात आणि बोटांनी, नुसत्या बोटांनी माती बाजूला केलीत, आणि तिथे हळदीच्या कोंबासारखा जाड, जांभळट कोंब होता. फावडं मारलं असतं तर तोच तुटला असता. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिता येत नाहीये.

चार आले. पन्हळीखालचा पाचवा लगदा झाला होता, तुम्ही बोलला होतात तसाच, आणि त्याच्या जागी तुम्ही तुमच्या घरचा एक डोळ्याचा कंद आणून दिलात, एक शब्दही न बोलता. पुढे कोवळे कोंब गोगलगायी खायला लागल्या तर औषध टाकायला रोज संध्याकाळी आठवण केलीत, आणि चार जोड पानं झाल्यावर शेंडा खुडायला लावलात तेव्हा माझा हात थरथरत होता पण आता बघा, एकेका झाडाला किती फांद्या.

इथे १९१३ पासून डेलिया हे सिॲटल शहराचं फूल आहे हेही तुमच्याकडूनच कळलं. आणि २०२४ च्या ७ सप्टेंबरला आमच्या गणपतीला जास्वंद नव्हतं तर लाल डेलियाचा हार केला, एकवीस फुलं, सगळी त्या वाफ्यातली. आई तिकडून बघून गप्पच झाली, मग म्हणाली त्या काकांना माझा नमस्कार सांग. तो इथे सांगतेय.

तो लाल गड्डा आता खूप मोठा झालाय, एप्रिलमध्ये काढून त्याचे भाग करायचेत. काकूंना घेऊन या. सुरी तुम्ही धरा, मला डोळा ओळखायला शिकायचंय, आणि पहिला भाग तुमच्या वाफ्यात जाईल.

तुमची,
दोन गल्ल्या सोडून राहणारी