तान्ह्या बाळाचा वाहणारा डोळा आणि दीड महिन्याची लस

संपादक महोदय,

गोव्यातल्या डिचोली बाजारात माझे औषधांचे दुकान आहे. साखळी, मये, पाळी, शिवाय शेजारच्या सत्तरी तालुक्यातल्या गावांतूनही लोक येतात, आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांचे ड्रॉप्स मागणारे कोणी ना कोणी त्यांत असतेच. बाबाच्या खिशात रिकामी बाटली असते, नाहीतर मोबाईलवर जुन्या चिठ्ठीचा फोटो. "हेच द्या. मागे चार दिवस बरे होते, परत पाणी यायला लागले." अशा घरांसाठी आरोग्य खात्याला फारसा खर्च न करता एक काम करता येईल. ते सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या बाळांचा एक डोळा, कधी दोन्ही, सतत ओला असतो. सकाळी पापण्या चिकटलेल्या, कोपऱ्यात पिवळट चिपडे, रडत नसतानाही गालावर ओघळ. डोळ्याचा पांढरा भाग मात्र पांढराच राहतो आणि बाळ नेहमीसारखे दूध पिते, हसते. बहुतेक वेळा ही अश्रुनलिका न उघडल्याची लक्षणे असतात. डोळे आले तर पांढरा भाग लाल होतो. घरात आधी 'डोळे आले' असेच म्हणतात, मग सर्दीचे नाव निघते, आणि आमच्या भागात खाणीच्या धुळीलाही बोल लावला जातो. पावसात बाळाला सर्दी झाली की नाकातले अस्तर सुजते आणि पाणी वाढते, एवढे खरे. मूळ अडचण मात्र जन्मापासूनची असते.

अश्रू डोळ्यांतून नाकात उतरतात. आरशासमोर खालची पापणी किंचित ओढून पाहा, नाकाकडच्या टोकाला काठावर टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही तसेच असते. तिथून अश्रू नाकाच्या बाजूला असलेल्या लहानशा पिशवीत जातात आणि तिथून नळीवाटे नाकात. रडताना नाक वाहते ते यामुळेच. काही बाळांच्या या नळीच्या नाकातल्या तोंडाशी पातळ पडदा तसाच राहून जातो. पन्हळीच्या तोंडाशी पान अडकावे तसे पाणी मागे फिरते, पिशवीत साचते आणि साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

अँटिबायोटिक ड्रॉप्स ते जंतू मारतात. चिपडे कमी होतात, घरच्यांना वाटते औषध लागू पडले. पण पडदा जिथल्या तिथेच असतो, म्हणून बाटली संपली की पुन्हा तेच सुरू. पू वाढला, पापण्या लाल झाल्या तर डॉक्टर ड्रॉप्स देतात आणि ते द्यायलाच हवेत. नुसत्या पाण्यासाठी महिनोन्‌महिने तेच घालत राहण्याने नळी उघडत नाही. याहून काळजीची गोष्ट म्हणजे घरातली उरलेली बाटली. आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर राहिलेले ड्रॉप्स बाळाला घालू का, असे विचारणारे मला भेटले आहेत. त्या ड्रॉप्समध्ये बहुधा स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते घालत राहिले तर डोळ्याच्या आतला दाब वाढू शकतो. शिवाय उघडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्यायची असते. माझ्या सहव्यावसायिकांनाही विनंती की जुन्या चिठ्ठीचा फोटो पाहून बाळाच्या डोळ्याचे औषध देऊ नये, डॉक्टरांकडे परत पाठवावे.

नळी उघडायला मदत करते ती मालिश. अमेरिकेतल्या क्रिग्लर नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी ती १९२३ साली मांडली आणि आजही डॉक्टर आधी तीच सांगतात. सांगतात, पण गर्दीच्या ओपीडीत करून दाखवायला वेळ कुणाला असतो? "कोपऱ्यात मसाज करा" एवढे ऐकून आई घरी येते आणि नाकाच्या दांड्यावर हळुवार बोट फिरवते. कोणी पापणी चोळते, कोणी गालावर गोल गोल फिरवते. महिनाभर असे केल्यावर "मसाज करून काही होत नाही" हा निकाल लागतो.

मालिश अशी करायची. नखे कापलेली, हात साबणाने धुतलेले. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून आधी चिपडे पुसायचे, एका कापसाने एकदाच, आणि दुसऱ्या डोळ्याला वेगळा कापूस. मग बोटाचे टोक डोळा आणि नाक यांच्यामधल्या कोपऱ्यात ठेवायचे. तिथे हाड लागते. त्या हाडावर दाबून, दाब न सोडता, बोट नाकपुडीच्या दिशेने खाली सरकवायचे. दाब एवढा की आपले नख किंचित पांढरे पडावे. असे पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. दाबल्यावर छिद्रातून पू किंवा चिकट पाणी वर आले तर घाबरू नये, बोट योग्य जागी असल्याची ती खूण आहे. ते पुसावे आणि डॉक्टरांनी ड्रॉप्स दिले असतील तर त्यानंतर घालावेत. बाळ दूध पिताना शांत असते, तेव्हा हे सोपे जाते. कोपरा लाल, गरम, सुजलेला असेल तर मात्र मालिश करायची नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचे.

वर्षाच्या आत १०० पैकी सुमारे ९० बाळांची नळी उघडते. त्यामुळे धीर धरा हा डॉक्टरांचा सल्ला टाळाटाळीचा नसतो. पण धीर धरणे म्हणजे डोळ्यात आईचे दूध पिळणे, मध घालणे किंवा काजळ भरणे नव्हे. दूध आणि मध निर्जंतुक नसतात, त्यांतून डोळ्यात जंतू जाऊ शकतात. काही काजळांत आणि सुरम्यांत शिसे सापडलेले आहे आणि ते तान्ह्या मेंदूला घातक असते. आमच्याकडे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काजळ हवेच असते. त्या मायेपुढे वाद घालावासा मला कधी वाटत नाही. मी आज्यांना एवढेच सांगते, तीट तळपायाला लावा, बोट डोळ्यात नको.

वर्ष झाल्यावरही पाणी थांबले नाही तर प्रोबिंग करतात. फोंड्याला माझ्या भाचीच्या मुलाचे झाले. "एवढ्याशा डोळ्यात सळई घालणार" म्हणून घरात रडारड झाली होती. सळई डोळ्यात जात नाही. बोथट टोकाची बारीक तार पापणीवरच्या त्याच छिद्रातून नळीत जाते आणि पडदा फोडते. काम काही मिनिटांचे असते, पण बाळ हलू नये म्हणून भूल द्यावी लागते. एखादा दिवस नाकातून गुलाबीसर पाणी आले, बस्स. बहुतेक मुलांना एकदाच पुरते. फार उशीर केला तर मात्र यशाचे प्रमाण कमी होऊ शकते आणि मग नळीत सिलिकॉनची बारीक ट्यूब ठेवण्यासारखे मोठे उपाय लागतात. म्हणून पहिला वाढदिवस ही तारीख महत्त्वाची.

पाणावलेला प्रत्येक डोळा नळीमुळेच असतो असेही नाही. पहिल्या महिन्यात पापण्या सुजून भरपूर पू आला तर त्याच दिवशी दाखवावे. जन्मतःच डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली निळसर गाठ असेल तरीही. बाळ उजेडात डोळे गच्च मिटून घेत असेल, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. त्यात दिवस घालवले तर नजर जाते. अशा बाळाला मालिश करत घरी बसवू नये, थेट नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

आता खात्याला विनंती. प्रसूतीनंतर घरी जाताना हे सारे आईला सांगून फारसा उपयोग नाही, कारण डोळ्याला पाणी बहुधा काही आठवड्यांनी दिसू लागते आणि तोवर सांगितलेले विसरलेले असते. पण दीड महिन्याच्या लसीला बाळ आरोग्य केंद्रात येतेच. त्या दिवशी नर्सबाईंनी "डोळ्याला पाणी येते का?" एवढे विचारावे आणि हो म्हटल्यास आईचेच बोट धरून, बाळाच्या चेहऱ्यावर, मालिश करून दाखवावी. अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला आई मालिश कशी करते ते पाहावे. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीला पुन्हा विचारावे, आणि पाणी चालूच असेल तर तिथेच नेत्रतज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी द्यावी, म्हणजे वर्षाच्या आसपास बाळ योग्य हातात पोहोचेल. सत्तरीतल्या एखाद्या आईला निव्वळ विचारायला म्हणून बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंत बस बदलत जाणे म्हणजे दिवस मोडतो, घरच्या माणसाचा रोज बुडतो. लसीकरणासाठी ती गावाजवळच्या केंद्रावर येतेच आहे.

बाळाच्या लसीकरण कार्डावर या चार तारखांपुढे 'डोळा पाहिला' अशी एक चौकट छापावी. मालिशीचे चित्र असलेले मराठी-कोंकणी पत्रक काढले तर ते ड्रॉप्सच्या बाटलीबरोबर पिशवीत घालून द्यायला मी तयार आहे. इतर औषधवालेही नाही म्हणणार नाहीत अशी माझी खात्री आहे.

आपली,
एक फार्मासिस्ट, डिचोली